न दिसणाऱ्यांची हजेरी

माझ्या धाकटीचं, सुलभाचं, लग्न झालं ते दोन हजार अकरा साल. लग्न मे महिन्यात झालं. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात निलोफर मुजावरच्या टेबलावर नोटीस येऊन पडली.

"मावशी, वाचा," ती म्हणाली आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"तूच वाच की. मला तासभर लागंल."

"लागू दे तास. ह्या मशीनला एक नोंद भरायला अर्धा तास लागतो. तुम्ही त्याच्यापेक्षा बऱ्या."

मी तेव्हा एकावन्न वर्षांची होते. सव्वीस वर्षं मी शहराचे रस्ते झाडले. सासूची जागा वारसानं मला मिळाली होती, झाडू तिचाच होता म्हटलं तरी चालेल. गुडघा गेला तेव्हा दवाखान्यानं हलकं काम द्या म्हणून लिहून दिलं आणि मला ह्या विभागात आणून बसवलं. फरशी पुसायची, पाणी भरायचं, जुनी रजिस्टरं माळ्यावरून काढायची. अक्षरं मी सेहेचाळिसाव्या वर्षी शिकले, समाजमंदिरातल्या दुपारच्या वर्गात. पुढं निलोफर आली आणि तिनं रद्दी कागदांच्या पाठीवर माझा हात वळवून घेतला. माझ्या थोरल्या लेकीपेक्षाही ती लहान. चोवीस वर्षांची, कंत्राटावरची, आणि जिभेनं कातरीसारखी.

मी बोट ठेवून वाचत गेले. जुन्या रजिस्टरांतल्या नोंदी संगणकात भरण्याचं काम अत्यंत संथ आहे. शुक्रवारी कार्यालय सुटेपर्यंत उरलेल्या दोनशे दहा नोंदी पूर्ण झाल्या नाहीत तर कंत्राट संपुष्टात येईल. खाली भोसगेसाहेबांची सही.

"संपुष्टात म्हणजे काय गं?"

"म्हणजे घरी."

घरी तिची आई होती, हमीदाबी. साखरेनं दोन्ही डोळे गेलेली. तिसरं कुणी नव्हतं. निलोफरनं नोटीस घडी करून ओढणीच्या टोकात बांधली आणि पडद्याकडं बघत बसली. पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत होतं.

खिडकीबाहेर आबा सुतार उभा होता. तीन दिवस झाले, बापाच्या मृत्यूचा दाखला न्यायला यायचा.

"ताई," तो आत डोकं घालून म्हणाला, "माझा बाप एका उचकीत गेला. त्याचा दाखला यायला किती दिवस?"

"मशीन चालू होतंय, काका."

"शनिवारी पण चालूच होत होतं."

आतल्या केबिनमधून भोसगेसाहेब बाहेर आले. पन्नाशीचे, नीटनेटके, पेन कायम खिशाला. त्यांनी आबाकडं पाहिलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मशीनला काही झालेलं नाही. मशीन मंद नाही, माणूस मंद आहे. शुक्रवारनंतर बघा कसं पळतंय."

"शुक्रवारनंतर कोण पळवणार आहे, साहेब?" मी विचारलं.

"गजरा, तू कोपऱ्यातली जळमटं बघ."

मी जळमटं बघितली. पण त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं, की शुक्रवारनंतर बसायला माणूस आधीच ठरलेला आहे. नोटीस ही नुसती तिला काढायची वाट होती.

मंगळवारी निलोफर म्हणाली, "आतून धूळ बसली असंल, मावशी. खोलून बघू या?" दुरुस्तीवाला सहा महिन्यांत एकदा यायचा, डोकावून "जुनं झालंय" म्हणायचा आणि कागदावर सही घेऊन जायचा. त्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी शिपायाकडून पेचकस आणला. मशीनचा डबा उघडला तर आत आमच्या भक्तीचे सगळे पुरावे पडलेले. दर खंडेनवमीला आम्ही त्या डब्याची पूजा करायचो. हळदकुंकू टाकायचो, जाळीच्या भोकांत झेंडूचं फूल खोचायचो, समोर उदबत्ती लावायचो. चार वर्षांचं कुंकू पंख्याला चिकटून त्याचा लाल चिखल झालेला. झेंडूच्या पाकळ्या वाळून काडेपेटीतल्या काड्यांसारख्या.

"या अल्ला," निलोफर म्हणाली, "बिचाऱ्याला आपण देव करून मारलं."

वीज काढून मी रंगाऱ्याच्या मऊ ब्रशनं सगळं झाडून काढलं. झाडायचं काम मला कुणी शिकवायची गरज नव्हती. डबा बंद केला, मशीन चालू केलं. पंख्याचा घरघराट थांबला. पण वाळूचं घड्याळ होतं तिथंच. दिवसअखेर बारा नोंदी झाल्या. आदल्या दिवशी अकरा झाल्या होत्या.

त्या संध्याकाळी निलोफर पहिल्यांदा रडली. आवाज न करता, रजिस्टर उघडं ठेवून, पान भिजू नये म्हणून मान बाजूला करून.

बुधवारी साहेब बैठकीला जिल्ह्याच्या गावी गेले. डबा खाऊन झाल्यावर मी स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले.

"मला दाखव. हे आत करतंय काय?"

"मलाच कळत नाही तर तुम्हाला काय दाखवू?"

"तुला दिसतं ते दाखव."

तिनं तीन बटणं एकदम दाबली. बराच वेळ गेला आणि पडद्यावर एक यादी उघडली. इंग्रजी नावं, एकाखाली एक, पन्नासेक. मला इंग्रजी येत नव्हतं. पण नावांपुढं आकडे होते, आणि आकडे मला बसच्या पाट्यांवरून लग्नाच्या आधीपासून यायचे.

"ही कसली यादी?"

"आत चाललेली कामं. आपल्याला पडद्यावर एकच दिसतं, पण त्याच्या मागं एवढी सगळी चालू असतात."

"म्हणजे हजेरी."

"हां, हजेरीच म्हणा."

"आणि हे आकडे?"

"मशीनची ताकद शंभर धरली, तर त्यातली कोण किती खातंय ते."

मी आकड्यांवर डोळे लावले. ते हलत होते, कमीजास्त होत होते. बहुतेकांपुढं शून्य. एकापुढं एकेचाळीस. एकापुढं तीस. एकापुढं पंचवीस.

"तू नोंदी भरतेस ते कुठलं?"

तिनं बोट ठेवलं. पुढं दोन होते.

"दोनच? अगं, ज्याच्यासाठी हे दुकान मांडलंय त्याला दोन? मग हे तीन बकासुर कोण?"

तिनं नावं वाचली, मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं. घड्याळाशेजारी तीन लहान ढाली होत्या. एक पिवळी, एक निळी, एक हिरवी.

"राखणदार आहेत," ती म्हणाली. "बाहेरून व्हायरस येऊ नये म्हणून. आपण कुठलीही फाईल उघडली की हे आधी तपासतात. पिवळं आधीच्या साहेबांनी टाकलं. निळं जिल्ह्याहून सीडीवर आलं. हिरवं भोसगेसाहेबांनी घरून आणून टाकलं."

"एका दाराला तीन?"

"आधीच्यानं टाकलेलं काढायचं नसतं ना. लेखी आदेश लागतो. आदेश कोण देणार? म्हणून प्रत्येकानं आपलं वर टाकलं."

मला एकदम जत्रेचं वर्ष आठवलं. "आमच्या पेठेत एकदा तीन मुकादम लावले होते," मी म्हणाले. "एक पालिकेचा, एक देवस्थानचा, एक वरून कुणीतरी पाठवलेला. मी गाडा भरून नेला की पहिला म्हणायचा, ओत, बघू दे काय आहे. ओतला, भरला. दहा पावलांवर दुसरा. ओत. त्याच्यापुढं तिसरा. तोच कचरा मी तीनदा ओतला आणि तीनदा भरला. वर तिघं एकमेकांच्या वह्या तपासत बसायचे. चार दिवसांत एक गल्ली झाडून झाली नाही, आणि साहेबानं कामचुकार म्हणून नाव कुणाचं लिहिलं? माझं."

निलोफर पडद्याकडं वळली. मग तिनं मशीनला एक नोंद उघडायला लावली आणि यादीकडं बघितलं. तिन्ही आकडे एकदम उसळले.

"तीनदा ओततायत," ती हळूच म्हणाली. मग तिचा संताप उसळला. "थांबा, सगळ्यांनाच घालवते."

तिनं यादीतलं एकेक नाव धरून बंद करायला सुरुवात केली. ज्यांच्यापुढं शून्य होतं तेही. "हा काय करतोय? काही नाही. जा. हा? काही नाही. जा." ढालीवाले मात्र जाईनात. त्यांना बोट लावलं की नकार यायचा. तेवढ्यात खिडकीत आबा सुतार आला. निलोफरनं त्याच्या बापाचा दाखला काढला, छापायला दिला. छापायचं यंत्र गप्प. पुन्हा दिला. गप्प.

"आता काय झालं?" आबा म्हणाला. "बाप माझा परत आला का काय?"

"मावशी, मी छपाईचंच माणूस घालवलं वाटतं," निलोफर कुजबुजली.

"त्याच्यापुढं काय होतं?"

"शून्य."

"मग? शून्यवाला बिनकामाचा हे तुला कुणी सांगितलं? मी पहाटे पाचला रस्ता झाडून सातला घरी असायचे. तू दहाला त्या रस्त्यानं यायचीस. तुझ्या लेखी मी शून्यच होते."

तिनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. वीस मिनिटं गेली. छपाईवाला परत आला आणि आबाचा दाखला सरसरत बाहेर पडला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि कधी नव्हे ते खिडकीला नमस्कार केला.

"आता न दिसणाऱ्यांना हात लावायचा नाही," मी म्हणाले. "जे खातायत त्यांचं बघ. यांना कायमचं घालवता येतं?"

"येतं. मुळासकट काढायचं असतं, दुसऱ्या जागेवरून. पण एक तरी राखणदार लागतोच."

"तिघांत जागा कोण आहे?"

तिनं प्रत्येक ढालीवर जाऊन तारखा बघितल्या. पिवळ्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. हिरव्याची मागच्या दिवाळीत. निळं मात्र आदल्या आठवड्यात ताजं झालेलं.

"आणि एकेचाळीस खाणारं?"

"हिरवं. साहेबांचं."

तिनं पिवळ्याचं पान उघडलं. मध्ये एक चौकट आली. तिचा हात माऊसवर होता, पण बोट हलेना.

"विचारतंय, खात्री आहे का. मावशी, नाही हो. साहेबांना कळलं तर शुक्रवारपर्यंत पण थांबणार नाहीत. आजच घालवतील."

"ह्यात 'होय' कुठलं?"

"डावीकडचं."

"हात काढ."

"मावशी..."

"हात काढ म्हटलं ना."

तो उंदीर मी त्याआधी फक्त पुसला होता. धरला नव्हता. पडद्यावरचा बाण माझ्या हातात येईना, कुठंतरी छताकडं पळायचा. शेवटी त्याला धरून डावीकडच्या शब्दावर आणला आणि दाबला. मग हिरव्याची चौकट आली. तिथंही दाबला. मशीन बंद झालं, चालू झालं. मी घड्याळाकडं बघत होते. दोन मिनिटांत पडदा तयार. खाली एकच निळी ढाल.

निलोफरनं नोंद उघडली. उघडली, भरली, बंद केली. पुढची. तिच्या बोटांचा आवाज पत्र्यावर पाऊस पडावा तसा यायला लागला. मी रजिस्टरातली नावं वाचून सांगायला लागले. वामन धोंडी, वय सत्तर. काशीबाई, वय बावीस, बाळंतपणात. एक नाव नसलेलं मूल, वय तीन दिवस. सुटायच्या वेळेपर्यंत सेहेचाळीस झाल्या. गुरुवारी दुपारी चारपर्यंत एक्क्याण्णव.

चार वाजता भोसगेसाहेब तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. ते पडद्यावरच्या नोंदींकडं बघत नव्हते. खालच्या कोपऱ्याकडं बघत होते.

"हिरवं कुठंय?"

निलोफरची बोटं थांबली.

"सरकारी मालमत्तेत ढवळाढवळ," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, समाधान होतं. "कंत्राटी कर्मचाऱ्यानं. विनापरवाना. आता शुक्रवारची गरजच नाही."

"मी काढलं," मी म्हणाले.

"तू गप."

"साहेब, मी काढलं. हिरवं पण आणि पिवळं पण. 'होय' माझ्या हातानं दाबलंय."

ते हसले. "गजराबाई, तुला अक्षरओळख नाही. पगारपत्रकावर अजून तुझा अंगठा आहे. झाडूवालीनं अँटिव्हायरस काढला असं मी वर लिहू? लोक मला येड्यात काढतील. ह्या पोरीनं काढलाय आणि तू अंगावर घेतेयस."

पगारपत्रकावर माझा अंगठा होता, हे खरं. पाच वर्षं लिहिता येत असून मी अंगठाच देत आले होते. मागची रांग खोळंबते म्हणून कारकून शाईची डबी पुढं करायचा, आणि मी बोट बुडवायची.

"मग मला खुलासा मागा," मी म्हणाले.

"काय?"

"कर्मचाऱ्यानं चूक केली तर लेखी खुलासा मागतात. मी कायम आहे, कंत्राटी नाही. मागा."

"आणि देणार कोण? लिहून कोण देणार? हीच ना?"

"कागद द्या. तुमच्यासमोर बसते. हिला बाहेर पाठवा."

त्यांनी खरंच तिला बाहेर पाठवलं. कागद टेबलावर टाकला, खिशाचं पेनही त्यावर टाकलं आणि समोर हाताची घडी घालून बसले. तास गेला. कचेरी सुटली तरी ते उठले नाहीत, मीही उठले नाही. एकदा ते म्हणाले, "राहू दे आता. तुझी चार वर्षं... सात वर्षं राहिलीत ना नोकरीची? कशाला वाकड्यात शिरतेस?" मी ऱ्हस्व-दीर्घात अडकले होते. मी लिहिलं ते असं. चुका तेव्हा होत्या, इथं नीट केल्यात.

"मी गजराबाई केरबा लोंढे, सफाई कामगार. बुधवारी दुपारी संगणकातून दोन राखणदार मी माझ्या हाताने काढले. दोघांची मुदत संपली होती. मुदत संपलेले दोघे मशीनची सहासष्ट टक्के ताकद खात होते. नोंदी भरणाऱ्या कामाला दोन टक्के मिळत होती. त्यामुळे काम संथ होते. बाई संथ नव्हती. काढल्यावर अर्ध्या दिवसात सेहेचाळीस आणि आज चारपर्यंत एक्क्याण्णव नोंदी झाल्या. जिल्ह्याने दिलेला राखणदार ठेवला आहे, तो जागा आहे. परवानगी मागितली नाही, कारण मागितली असती तर मिळाली नसती. शिक्षा मला द्यावी."

खाली मी सही केली. अंगठा नाही.

साहेबांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मग घडी करून खिशात घालायला लागले.

"खिशात नाही, साहेब. आवक."

"उद्या करू."

"आवक कारकून बाहेर थांबलाय. शिपायाला सांगून मी थांबवलाय. नंबर पडू दे, शिक्का मारून मला पोच द्या."

आवक नोंदवहीत नंबर पडला की कागद सरकारी होतो, तो गिळता येत नाही, हे मला त्यांच्याच कचेरीत फरशी पुसताना कळलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं असावं. "तुला कळतंय का," ते म्हणाले, "ह्या कागदानं तू परत रस्त्यावर जाशील. गुडघ्यासकट."

"रस्ता माझ्या ओळखीचा आहे."

शिक्का पडला. काढलं कुणी, हे आता कागदावर होतं, आणि निलोफरचं नाव त्यात कुठंच नव्हतं. काम संथ का होतं, हेही त्याच कागदावर होतं. तो फाईलला असताना तिला संथ म्हणून काढणं त्यांना जमलं नसतं. ते त्यांना माझ्याआधी कळलं, म्हणून तर ते खिशात घालत होते.

शुक्रवारी दुपारी दोनशे दहावी नोंद झाली. तिचं कंत्राट पुढं वाढलं. मला सोमवारी आदेश आला, वॉर्ड चार, पहाटे पाच. गुडघ्याला पट्टा बांधून मी निवृत्तीपर्यंत तिथं झाडलं. पगारपत्रकावर मात्र त्या महिन्यापासून सही केली. मागच्या रांगेनं ओरडाआरडा केला, करू दिला. गुडघ्यामुळं पूर्वी सातला उरकायचं ते आता दहापर्यंत चालायचं. निलोफर रोज दहाला त्या रस्त्यानं यायची, आधी माझ्यापाशी थांबायची आणि मग कचेरीत जायची. कधी उशीर झाला तर मीच ओरडायचे, "जा गं, खिडकीत माणसं मरून पडलीत."

दोन हजार चौदात ती परीक्षा देऊन कायम झाली. भोसगेसाहेब बदलून गेले. ती खुर्ची तिचीच राहिली.

निलोफर महंमद मुजावर काविळीनं वारली, राहत्या घरी, दोन हजार एकोणीस सालच्या सप्टेंबरच्या अकरा तारखेला, बुधवारी सकाळी. वय बत्तीस. हमीदाबीला दिसत नव्हतं, म्हणून खबर द्यायला खिडकीवर मी गेले आणि फॉर्म मी भरला.